गाडीच्या स्क्रीनसाठी ॲप करायचं असेल तर

फोनवर उत्तम चालणारं ॲप हाताशी आहे, आता तेच गाडीच्या डॅशबोर्डवर आणलं की झालं, असं अनेक डेव्हलपर मित्रमैत्रिणींना वाटतं. कोड लिहायला खरंच फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो आपल्या ॲपमधलं काय काय टाकून द्यायचं हे ठरवण्यात. फोनवर माणूस ॲपकडे बघत असतो. गाडीत तो रस्त्याकडे बघत असतो आणि त्याने तसंच बघत राहावं अशीच आपली इच्छा असायला हवी. हा लेख मी याच एका गोष्टीभोवती लिहितो आहे, कारण गाडीच्या ॲपविषयीचे जवळजवळ सगळे तांत्रिक नियम तिच्यातूनच निघालेले आहेत. ती पटली की नियम जाचक वाटत नाहीत.

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१३ साली गाडीतल्या उपकरणांसाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांतले दोन आकडे पाठच करून ठेवा. चालकाची नजर एका वेळी रस्त्यावरून साधारण २ सेकंदांहून जास्त हटू नये, आणि एखादं काम पुरं करण्यासाठी स्क्रीनकडे टाकलेल्या सगळ्या नजरा मिळून १२ सेकंदांच्या आत बसाव्यात. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी २ सेकंदांत सुमारे ४४ मीटर पुढे जाते. आपल्याकडे त्या ४४ मीटरमध्ये उलट्या दिशेने येणारा दुचाकीवाला, रस्ता ओलांडणारी म्हैस आणि दिवे नसलेला ट्रॅक्टर हे तिन्ही येऊ शकतात. तुमच्या ॲपमधला कोणताही पडदा समोर घ्या आणि त्यातली हवी ती गोष्ट २ सेकंदांत सापडते का ते घड्याळ लावून बघा. बहुतेक पडदे इथेच बाद होतात.

आधी कोणत्या वाटेने जायचं ते ठरवा

बाहेरच्या डेव्हलपरला गाडीच्या स्क्रीनवर पोचायचे आज तीन मुख्य मार्ग आहेत. पहिला अँड्रॉइड ऑटो. गूगलने तो २०१४ साली जाहीर केला आणि पुढच्या वर्षी तो गाड्यांत दिसू लागला. इथे ॲप चालतं ते फोनवरच. गाडीची स्क्रीन फक्त फोनने पाठवलेलं चित्र दाखवते आणि बोटांचे स्पर्श फोनकडे परत पाठवते. दुसरा ॲपलचा कारप्ले, तोही २०१४ मधला आणि तत्त्व तेच. तिसरा अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह. पहिल्याशी नाव जुळत असलं तरी प्रकार वेगळा आहे. इथे अँड्रॉइड प्रणाली गाडीतच बसवलेली असते, फोनची गरज नसते आणि ॲप थेट गाडीत इन्स्टॉल होतं. गूगलच्या सेवांसह ती २०२० मध्ये पोलस्टार २ या गाडीत पहिल्यांदा आली. भारतात ती व्होल्वोच्या गाड्यांतून आली.

भारतातल्या ग्राहकांसाठी ॲप करत असाल तर सुरुवात अँड्रॉइड ऑटोने करा. आपल्याकडे बहुतांश फोन अँड्रॉइडचे आहेत, आणि हॅचबॅकच्या वरच्या मॉडेलांपासून पुढे बहुतेक कंपन्यांच्या गाड्यांत अँड्रॉइड ऑटो मिळतो. शिवाय गूगलची कार ॲप लायब्ररी (तिच्याबद्दल पुढे येईलच) वापरून केलेलं काम थोड्या फेरफाराने अँड्रॉइड ऑटोमोटिव्हवरही नेता येतं, म्हणजे मेहनत वाया जात नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हिंजवडीतल्या कंपन्यांत इन्फोटेनमेंटवर काम करणारे हजारो अभियंते आहेत. त्यांचं काम गाडी कंपनीसाठी किंवा तिच्या पुरवठादारासाठी असतं: हेड युनिटचं, म्हणजे डॅशबोर्डवरच्या स्क्रीनच्या संचाचं, सॉफ्टवेअर, ड्रायव्हर, गाडीच्या अंतर्गत जाळ्याशी बोलणारे थर. ते काम तुमच्याकडे यायला गाडी कंपनीचं कंत्राट लागतं. आपण इथे बोलतो आहोत ते बाहेरच्या माणसाने करायच्या ॲपबद्दल. अँड्रॉइड ऑटोसाठी ॲप करायला तुम्हाला कोणत्याही गाडी कंपनीची परवानगी लागत नाही, करार लागत नाही, आणि सुरुवातीला गाडीही लागत नाही. एकट्या माणसाला घरात बसून हे करता येतं.

तुमची कल्पना या चौकटीत बसते का?

कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी हा प्रश्न सोडवा. कारण वाटेल ते ॲप गाडीत घेतलं जात नाही. अँड्रॉइड ऑटोवर ठरावीक प्रकार चालतात: गाणी आणि इतर श्राव्य मजकूर, संदेश, कॉल, रस्ता दाखवणारी ॲप, पार्किंग-चार्जिंग-पेट्रोल अशा ठिकाणांची माहिती देणारी ॲप, घरातली उपकरणं चालू-बंद करणारी ॲप आणि हवामान. कारप्लेची यादी थोडी निराळी आहे. तिथे पटकन खाणं मागवण्याची ॲप आहेत, इंधन भरण्याची आहेत, आणि गाडी चालवताना लागणाऱ्या छोट्या कामांचाही प्रकार आहे. व्हिडिओ, खेळ आणि ब्राउझर गाडी उभी असतानाच चालतात.

पाककृतींचं ॲप, खरेदीचं ॲप, समाजमाध्यम यांना इथे जागा नाही. एखाद्या प्रकारात कसंतरी कोंबून ते पास करून घ्यायच्या मागे लागू नका. त्याऐवजी आपल्या मजकुराचा कोणता भाग ऐकण्याजोगा आहे ते शोधा. बाजारभावाचं ॲप घ्या. आकड्यांचा तक्ता गाडीत दाखवता येणार नाही आणि दाखवूही नये. पण लासलगावच्या कांद्याचा आजचा भाव सांगणारं तीन मिनिटांचं बातमीपत्र हे सरळ श्राव्य ॲप आहे, आणि पिकअप घेऊन बाजार समितीकडे निघालेल्या शेतकऱ्याला तेच हवं आहे. कीर्तनं, व्याख्यानमाला, स्पर्धा परीक्षेची तयारी, दिवाळी अंकातल्या कथांचं वाचन, या सगळ्यांना गाडीत मोठी जागा आहे. मराठीत श्राव्य मजकूर भरपूर तयार होतो आहे. तो गाडीत नीट ऐकता यावा म्हणून कष्ट घेणारे हात मात्र कमी पडतात, आणि ते वाढावेत अशी माझी फार इच्छा आहे.

श्राव्य ॲप: सोपं वाटतं, पण बारकावे इथेच आहेत

मराठी ऑडिओ पुस्तकांचं ॲप आपण उदाहरण म्हणून धरू. या प्रकारात तुम्ही गाडीसाठी एकही पडदा काढत नाही. मीडिया३ लायब्ररीतली मीडिया लायब्ररी सर्व्हिस लिहायची, मॅनिफेस्टमध्ये हे ॲप गाडीतही चालतं असं एका छोट्या एक्सएमएल फाइलमधून सांगायचं, आणि आपल्या मजकुराचं एक झाड तयार करायचं: मूळ, त्याखाली फांद्या, त्याखाली पुस्तकं, त्याखाली प्रकरणं. गाडीकडची बाजू ते झाड वाचते आणि तिच्या पद्धतीने मांडते. छापखान्यात मजकूर दिला की अक्षरजुळणी तिथला माणूस करतो, तसाच हा व्यवहार आहे. रंग, अक्षरांचा आकार, बटणांची जागा यांवर तुमचा हक्क नाही. तो नसल्यामुळेच तुमचं ॲप पन्नास प्रकारच्या स्क्रीनवर, टचवर आणि गोल फिरवायच्या खटक्यावरही चालतं.

झाडाच्या मुळाशी चारपेक्षा जास्त फांद्या ठेवू नका. वर टॅबसाठी तेवढीच जागा असते. त्या चारांत पहिली फांदी ‘पुढे ऐका’ हीच हवी. गाडीत बसलेल्या माणसाला नव्वद टक्के वेळा नवीन पुस्तक निवडायचं नसतं, काल जिथे सोडलं तिथून पुढे ऐकायचं असतं, असं समजूनच मांडणी करा. ‘लेखकानुसार’, ‘वाचकांच्या आवडीची’, ‘या आठवड्यातली नवी’ असल्या याद्या फोनवर राहू द्या. एकाखाली एक अशा तीन-चार पातळ्या उतरायला लागणारं झाड कागदावर सुटसुटीत दिसतं, पण चालत्या गाडीत ते कोणी वापरत नाही.

मुखपृष्ठाच्या चित्रांचा एक खाचखळगा नव्यांना हमखास अडवतो. चित्राचा इंटरनेटवरचा पत्ता थेट दिला तर ते गाडीत दिसत नाही. चित्र आधी फोनवर उतरवून, कंटेंट प्रोव्हायडर लिहून, त्याचा स्थानिक पत्ता द्यावा लागतो. फोनवरच्या ॲपमध्ये चित्रं दिसतात आणि गाडीत नुसते करडे चौकोन, असं झालं तर आधी हेच तपासा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाणी आणि बोलणं यांत फरक आहे. नकाशा मध्येच ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा’ म्हणाला की गाण्याचा आवाज तेवढ्यापुरता बारीक होतो आणि त्यात कुणाचं काही बिघडत नाही. पण कादंबरीचं वाचन चालू असताना आवाज नुसता बारीक झाला तर दोन वाक्यं हुकतात. मग श्रोता मागे जायचं बटण शोधू लागतो, म्हणजे नजर रस्त्यावरून हटली. यावर उपाय सोपा आहे. ऑडिओ ॲट्रिब्यूटमध्ये मजकुराचा प्रकार ‘भाषण’ असा जाहीर करा. मग अँड्रॉइड आपोआप आवाज कमी करत नाही, ते तुमच्या ॲपला सूचना देतं, आणि तुम्ही वाचन थांबवून नकाशाचं बोलणं संपल्यावर पुन्हा सुरू करायचं. पुन्हा सुरू करताना दोन-तीन सेकंद मागून करा. वाक्याच्या मध्यात तुटलेला धागा त्याने जुळतो. कोड लिहायला चार ओळी लागतात आणि एवढ्यावरून तुमचं ॲप ऐकणाऱ्याला मनापासून आवडू लागतं.

स्टिअरिंगवरच्या बटणांचाही असाच विचार करा. ‘पुढचं’ हे बटण दाबलं की गाण्यांच्या ॲपमध्ये पुढचं गाणं लागतं. पुस्तकाच्या ॲपमध्ये चाळीस मिनिटांचं प्रकरण एका चुकीच्या दाबाने उडून जातं. मला विचाराल तर ऑडिओ पुस्तकात या बटणांना तीस सेकंद पुढे आणि दहा सेकंद मागे हीच कामं द्यावीत. प्रकरण बदलण्याची सोय स्क्रीनवर वेगळ्या बटणाने करावी.

गाडी चालू झाली, फोन जोडला गेला, म्हणून आपण होऊन वाचन सुरू करू नका. गूगलच्या गुणवत्ता नियमांत ते बसत नाहीच. शिवाय गाडीत कोण कोण बसलं आहे आणि काल रात्री ऐकत असलेलं त्यांच्यासमोर लावलेलं चालेल का हे तुमच्या ॲपला ठाऊक नसतं.

रेंजचा प्रश्न तर आपल्याकडे रोजचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचे भाताण, माडप, कामशेतचे बोगदे किंवा ताम्हिणी, वरंध, आंबोलीसारखे घाट डोळ्यांसमोर ठेवून ॲप लिहा. चालू प्रकरण संपूर्ण आणि पुढचं प्रकरण निदान अर्धं आधीच उतरवून ठेवलेलं असलं पाहिजे. मजकुराचं झाडसुद्धा फोनवर साठवलेलं हवं, कारण गुणवत्ता नियमांनुसार ॲप १० सेकंदांच्या आत उघडलं पाहिजे, मजकूरही १० सेकंदांच्या आत दिसला पाहिजे आणि बटणाला २ सेकंदांच्या आत प्रतिसाद मिळाला पाहिजे. प्रत्येक यादी सर्व्हरकडून मागवणारं ॲप ऑफिसच्या वायफायवर या कसोटीला उतरतं आणि घाटात नापास होतं.

आवाजी आज्ञा हा गाडीतला खरा कळफलक आहे. ‘अमुक ॲपवर मृत्युंजय लाव’ असं कोणी म्हणालं की ते शब्द तुमच्या सर्व्हिसकडे शोधाच्या रूपात येतात. इथे मराठी ॲपांची एक खास अडचण असते. फोनचा असिस्टंट इंग्रजीत ठेवलेला असेल तर नाव रोमन लिपीत येतं, आणि तेही कधी ‘एम-आर-यू’ने सुरू होणारं, कधी ‘एम-आर-आय’ने. म्हणून शोधसूचीत प्रत्येक पुस्तकाची दोन-तीन रोमन रूपंही साठवा आणि तंतोतंत जुळणीवर विसंबू नका. ‘भाग दुसरा’ आणि ‘भाग दोन’ हे एकच धरा. आणि आज्ञेत नावच नसेल, नुसतं ‘लाव’ एवढंच असेल, तर अर्धवट राहिलेलं पुस्तक सुरू करा. ‘काही सापडलं नाही’ हे उत्तर शक्यतो येऊच देऊ नका.

ठिकाणांचं ॲप: पाच पावलांचा हिशेब

दुसरा प्रकार चार्जिंग केंद्रं किंवा पार्किंग दाखवणाऱ्या ॲपांचा. यासाठी कार ॲप लायब्ररी वापरायची. हिची रचना समजून घेतली तर पुढचं सगळं सोपं होतं. कार ॲप सर्व्हिस ही दारावरची घंटा, जिच्यामार्फत गाडीकडची बाजू, म्हणजे होस्ट, तुमच्या ॲपशी जोडली जाते. मग सेशन तयार होतं. सेशनमध्ये स्क्रीनची चळत असते. प्रत्येक स्क्रीन एक टेम्प्लेट परत करते आणि होस्ट ते रंगवतो. टेम्प्लेट मोजकी आहेत: यादी, जाळी, नकाशासह जागांची यादी, तपशिलाचं पान, संदेश, शोध वगैरे. यादीत किती ओळी दाखवायच्या ते होस्ट ठरवतो. पुष्कळदा सहाच मिळतात. तो आकडा कोडमध्ये ठोकून न बसवता कन्स्ट्रेंट मॅनेजरला विचारून घ्या. तपशिलाच्या पानावर चार ओळी आणि दोन बटणं, एवढंच.

मूळ नियम असा की एक काम जास्तीत जास्त पाच टेम्प्लेटमध्ये संपलं पाहिजे. सहावं पाठवलंत तर होस्ट ॲप थांबवून त्रुटी दाखवतो. चार्जिंगच्या ॲपला पाच पावलं खरं तर जास्तच आहेत. जवळची केंद्रं, त्यांतल्या एकाचा तपशील, आणि ‘रस्ता दाखव’ हे बटण, जे चालकाच्या नेहमीच्या नकाशा ॲपकडे काम सोपवतं. दोन टेम्प्लेटमध्ये विषय संपला. स्वतःचा नकाशा बनवण्याचा मोह इथे आवरा.

या हिशेबात एक जागा अशी आहे की जिथे चांगले चांगले अडखळतात. जागांच्या यादीत प्रत्येक ओळीत अंतर दाखवावं लागतं. समजा तुम्ही ओळीचा मजकूर साध्या अक्षरांत लिहिला: ‘तळेगाव, ४ किमी’. गाडी पुढे गेली, अंतर ३ किमी झालं, तुम्ही यादी ताजी करून पाठवली. ओळीतली अक्षरं बदलली म्हणून होस्टने ते नवं टेम्प्लेट धरलं. असं चार वेळा झालं की पाच पावलं संपली. चालकाने एकदाही स्क्रीनला हात लावलेला नसताना ॲप बंद! हेच अंतर डिस्टन्स स्पॅन वापरून दिलं, तर होस्ट तुलना करताना स्पॅन धरत नाही. तो बदल नुसता ताजेपणा मानला जातो आणि पावलं खर्च होत नाहीत. माहिती येईपर्यंत टेम्प्लेट ‘लोडिंग’ अवस्थेत पाठवलं तर नंतर येणारी यादीही त्याच पावलात मोजली जाते. कोणता चार्जर रिकामा आहे हे मात्र सारखं बदलतं, म्हणून ते यादीच्या ओळीत अक्षरांनी न लिहिता तपशिलाच्या पानावर ठेवा.

लॉगिन, पैसे भरणं, लांबलचक अटी वाचणं ही कामं गाडी उभी असतानाचीच. लायब्ररीत फक्त उभ्या गाडीत चालणारं बटण करण्याची सोय आहे, ती वापरा. तरीही माझा सल्ला असा की लॉगिन फोनवरच उरकून घ्यावं. गाडीत फक्त ‘फोनवर लॉगिन करा’ एवढं एक वाक्य दिसावं.

मराठी मजकुराबद्दल एक सूचना. आपली वाक्यं बटणावर मावत नाहीत, आणि होस्ट ती शेवटी तीन टिंबं देऊन कापतो. ‘चार्जिंग केंद्र सध्या बंद आहे’ याचं ‘चार्जिंग केंद्र सध्या…’ झालं तर अर्थच उलटा होतो, चालक बिचारा तिथे जाऊन पोचतो. कार टेक्स्टमध्ये एकाच मजकुराची लांब, मध्यम आणि आखूड रूपं देता येतात, आणि जागेप्रमाणे होस्ट योग्य ते निवडतो. तिन्ही रूपं द्या आणि ठरवणारा शब्द वाक्याच्या सुरुवातीला आणा: ‘बंद: चार्जिंग केंद्र’. मराठीत क्रियापद शेवटी येतं. एरवी त्याची अडचण होत नाही, पण कापल्या जाणाऱ्या ओळीत नेमकं तेच गळतं.

गाडी नसताना चाचणी

गूगलने डेस्कटॉप हेड युनिट नावाचा प्रोग्रॅम दिला आहे. अँड्रॉइड स्टुडिओच्या एसडीके मॅनेजरमधून तो मिळतो आणि संगणकावर गाडीची स्क्रीन उघडतो. फोनवर अँड्रॉइड ऑटोच्या सेटिंगमध्ये आवृत्तीच्या क्रमांकावर दहा वेळा टिचकी मारली की डेव्हलपर सेटिंग उघडतात. तिथून हेड युनिट सर्व्हर सुरू करायचा, फोन यूएसबीने जोडायचा, एडीबीमधून ५२७७ हे पोर्ट पुढे जोडून द्यायचं, आणि हेड युनिट चालवायचं. यात आज्ञा देऊन दिवस-रात्र बदलता येते, गाडी चालू असतानाची बंधनं लावता-काढता येतात, आधी ध्वनिमुद्रित केलेली आवाजी आज्ञा माइकमधून आल्यासारखी देता येते. स्क्रीनचा आकार बदलून तपासा. बारीक, रुंद आणि उभी, तिन्ही प्रकारच्या स्क्रीन गाड्यांत असतात. रात्रीच्या रंगात तुमचं काळं चिन्ह काळ्यावर काळं होऊन गायब होत नाही ना, हेही याच वेळी बघून घ्या. अँड्रॉइड ऑटोमोटिव्हसाठी अँड्रॉइड स्टुडिओतच वेगळा एम्युलेटर आहे, आणि कारप्लेसाठी ॲपलचा सिम्युलेटर.

खऱ्या गाडीत चाचणी घ्यावीच लागते. ती घेताना स्टिअरिंगवर दुसरा माणूस हवा आणि तुम्ही शेजारच्या सीटवर. त्याला ॲप शिकवू नका. ‘कालचं पुस्तक लाव’ एवढंच सांगा आणि त्याचे डोळे किती वेळा, किती वेळ स्क्रीनवर जातात ते बघा. मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात. तो स्क्रीनकडे पाहून क्षणभर जरी घुटमळला तरी ती जागा टिपून ठेवा आणि घरी येऊन तिथलं काहीतरी काढून टाका. गाडीतल्या चाचणीसाठी ॲप फोनवर थेट न टाकता प्ले कन्सोलच्या अंतर्गत चाचणीतून इन्स्टॉल करा, नाहीतर ते गाडीच्या यादीत दिसतच नाही आणि दिवस वाया जातो.

माहिती, परवानग्या आणि प्रकाशन

गाडीकडून ॲपला वेग, इंधन किंवा बॅटरीची पातळी, किलोमीटर अशी माहिती मिळू शकते, अर्थात परवानगी घेऊन आणि गाडी देत असेल तरच. पुष्कळ गाड्या ती देत नाहीत, म्हणून माहिती आली नाही तरी ॲप चाललं पाहिजे. आणि गरज नसेल तर मागूच नका. माणूस कुठे राहतो, कुठे कामाला जातो, रविवारी कोणाकडे जातो हे सगळं गाडीच्या ठिकाणावरून कळतं. भारतात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे. पण कायदा नसता तरी पुस्तक ऐकवणाऱ्या ॲपला या माहितीचं काही काम नव्हतं. बॅटरी किती उरली हे चार्जिंगच्या ॲपला हवं, मान्य. ते फोनवरच वापरा, सर्व्हरकडे पाठवू नका.

प्ले स्टोअरवर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात, ॲपलकडे दरवर्षी ९९. कारप्लेसाठी काम सुरू करण्याआधीच ॲपलकडे अर्ज करून त्या प्रकाराची खास मंजुरी घ्यावी लागते. ती हाती येईपर्यंत मोठी गुंतवणूक करू नका. गूगलकडे गाडीसाठीच्या ॲपची तपासणी गाडीच्या वेगळ्या गुणवत्ता नियमांवर होते. लॉगिन लागत असेल तर तपासणाऱ्यासाठी चालू स्थितीतलं खातं आणि पासवर्ड द्या. तपासणाऱ्याला लॉगिनपुढे जाताच आलं नाही तर पुढचं तुमचं काम कोणी बघणारच नाही. अँड्रॉइड ऑटोचा भाग फोनच्या ॲपसोबत एकाच बिल्डमध्ये जातो, म्हणून गाडीची पहिली आवृत्ती आणि फोनवरची तातडीची दुरुस्ती एकत्र पाठवू नका. एकीच्या तपासणीत दुसरी अडकायला नको.

प्रकाशनानंतर तक्रारी येतील त्या बहुतेक ‘माझ्या गाडीत दिसत नाही’ अशा. त्यांचं कारण अनेकदा आवृत्तीत असतं. कार ॲप लायब्ररीच्या पातळ्या आहेत, आणि जुन्या होस्टला नवी टेम्प्लेट कळत नाहीत. म्हणून मॅनिफेस्टमधली किमान पातळी जमेल तेवढी खाली ठेवा, नवं टेम्प्लेट वापरण्याआधी समोरच्या होस्टची पातळी विचारा, आणि ती कमी असेल तर साध्या यादीवर काम भागवा. त्रुटीच्या नोंदीत होस्टचं नाव, त्याची पातळी आणि अँड्रॉइडची आवृत्ती एवढं आलं तरी बऱ्याच तक्रारी ग्राहकाला परत न विचारता सुटतात.